तळाची लागवड

शाळेत विज्ञान शिकलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हायड्रिला आठवतेच. काचेचे चंचुपात्र, त्यात पाणी, पाण्यात हिरव्या काड्यांची जुडी, तिच्यावर पालथे घातलेले नरसाळे आणि नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरून उपडी धरलेली परीक्षानळी. सगळा संच खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवला की थोड्या वेळाने काड्यांमधून बारीक बुडबुडे सुटू लागत. परीक्षानळीत वायू साठे, त्यात विझत आलेली काडी धरली की ती झपकन पेटे आणि सर म्हणत, "हा ऑक्सिजन." आम्ही वहीत आकृती काढायचो, भागांना नावे द्यायचो आणि पान उलटायचो.

हायड्रिलाशी बहुतेकांचा संबंध तिथेच संपतो. शिपाईमामांनी ती कोणत्या ओढ्यातून किंवा तळ्यातून बादलीत घालून आणली, तिच्या आसऱ्याला तिथे कोण राहत होते, याची चौकशी करायचे कुणाला सुचले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी तळी आणि मासे यांच्या मागे फिरू लागल्यावर माझ्या ध्यानात येत गेले, की नरसाळ्याखाली जे चालले होते तेच जिवंत तळ्याच्या तळाशी दिवसभर चालू असते. मासा वाढणार की नाही, पाणी नितळ राहणार की हिरवे गढूळ होणार, याचा निकाल पुष्कळदा त्या तळाशीच लागतो.

पुणेकराला पाण्यातली वनस्पती म्हणून एकच ठाऊक असते, ती जलपर्णी. थंडी सरू लागली की मुळा-मुठेवर ती पसरते. दापोडी, संगमवाडी, मुंढवा, खराडी अशा एकेका पट्ट्यातून डासांच्या तक्रारी येतात, वर्तमानपत्रात फोटो येतात, निविदा निघते, पोकलेन आणि डंपर काठावर उभे राहतात. पावसाळ्यात उरलेसुरले वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळट फुलांच्या हौसेपायी माणसांनीच तिला जगभर नेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये येऊन पोचली. मैलापाण्यातल्या नायट्रोजनवर आणि फॉस्फरसवर ती पोसते, म्हणून आपल्या शहरात तिला कधीच काही कमी पडत नाही. तिच्यामुळे एक समज मात्र इथे खोल रुजला. पाण्यात हिरवे दिसले म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे उपसून टाकायची. या समजाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो काठावरून दिसतही नाहीत अशा वनस्पतींना.

जलपर्णी पाण्यावर तरंगते. तिची मुळे खाली लोंबतात, पण तळाला टेकत नाहीत. ती दाट झाली की खाली ऊन उतरत नाही आणि सर्वात आधी मरतात त्या संपूर्ण आयुष्य पाण्याखाली काढणाऱ्या वनस्पती. म्हणजे जलपर्णी हीच त्यांची वैरी. दोघींना एकाच 'पाणवनस्पती' या सदरात टाकून एकाच यंत्राने उपसणे हा अन्याय आहे, आणि तो आपण दरवर्षी करत आलो आहोत.

या बुडीत वनस्पतींपैकी तिघींचा मला विशेष लोभ आहे. हायड्रिला तर ओळखीचीच. काडीच्या प्रत्येक पेरावर बारीक पानांचे वर्तुळ असते, तुकडा मोडून गाळात पडला तरी तिथे रुजतो आणि तळ आटला तर मातीत ठेवलेल्या बारीक कंदांतून ती पुन्हा उगवते. दुसरी सेराटोफायलम. तिला मुळेच नसतात. ती पाण्यात अधांतरी राहते, आणि तिचे परागसिंचनसुद्धा पाण्याखालीच होते. तिसरी व्हॅलिसनेरिया. हिची पाने रिबिनीसारखी लांब असतात, ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ती सगळी एका दिशेला झुकलेली दिसतात. तिचे लग्न लागते ते पाहण्यासारखे आहे. नर फुले अगदी लहान, ती तळाशी देठापासून सुटतात आणि वर येऊन पाण्यावर तरंगू लागतात. मादी फूल लांबलचक, बारीक देठावर वाढत वाढत पृष्ठभागापर्यंत येते. तरंगत आलेले नर फूल तिच्याजवळ घरंगळते, पराग पोचतो आणि मग तो देठ वेटोळे घेत आखडतो, फळाला पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांच्या पिढ्यांनी हे फळ्यावर काढून दाखवले. प्रत्यक्षात ते पाहिलेला विद्यार्थी मला क्वचितच भेटला, कारण ते पाहायला पाणी नितळ लागते.

उथळ तळ्याच्या दोन स्थिर अवस्था असू शकतात, असे नेदरलँडचे मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडले. एक, नितळ पाणी आणि तळाशी वनस्पती. दुसरी, गढूळ हिरवे पाणी आणि उघडा तळ. दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. तळाशी वनस्पती असेल तर तिची मुळे गाळ धरून ठेवतात, वाऱ्याने पाणी ढवळले तरी तो वर येत नाही. पाण्यात विरघळलेले खत ती स्वतः घेते, त्यामुळे सूक्ष्म शैवालाला ते कमी मिळते. तिच्या पानांच्या दाटीत डॅफ्नियासारख्या पाणपिसवा माशांपासून लपून राहतात आणि रात्री बाहेर पडून शैवाल फस्त करतात. पाणी नितळ राहते, ऊन तळापर्यंत जाते, वनस्पती वाढते. उलट वनस्पती एकदा गेली की गाळ सुटतो, शैवाल माजते, ऊन अडते आणि मग वनस्पतीला परत यायला वाटच उरत नाही. म्हणूनच अशा तळ्यात सांडपाणी थांबवल्यावरही पाणी बरीच वर्षे हिरवेच राहू शकते. तळ आपणहून सावरत नाही. कुणीतरी पाण्यात उतरून तो पुन्हा लावायला हवा.

हा 'कुणीतरी' कोण, याचे उत्तर मला पुण्यात मिळाले नाही. ते मिळाले महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, भंडारा-गोंदिया भागात.

पुण्याकडच्या वाचकांना तो मुलूख ओळखीचा झाला तो मुख्यतः मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या या माणसाने तिथल्या पक्ष्यांइतकेच तिथल्या तळ्यांवरही प्रेम केले. पूर्व विदर्भात अशी जुनी तळी हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळापासून ती बांधली गेली आणि बांधणारे हात प्रामुख्याने कोहळी समाजाचे होते. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला असे सांगतात. धानाला पाणी देण्यासाठी बांधलेली ही तळी मालगुजारांच्या ताब्यात होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नावाचे लोकांनी 'मामा तलाव' असे सुटसुटीत रूप केले.

तळे बांधणारा कोहळी, तर तळ्यात उतरणारा ढिवर. पाण्यात काय कुठे उगवते, कोणता मासा कोणत्या झाडाच्या आडोशाला अंडी घालतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांना माहीत होते. त्यांच्या सहकारी संस्था तळी ठेक्याने घेत आल्या. मग मत्स्यव्यवसाय वाढवण्याचे शास्त्र आले, आणि त्या शास्त्रामागे खरोखर मोठे संशोधन होते. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे, साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूषग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून प्रजनन करवून घेतले आणि मत्स्यबीज कारखान्यासारखे तयार करता येऊ लागले. तो दिवस आता देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पाठोपाठ परदेशी मासेही आले. पाण्याच्या वरच्या थरात चंदेरा, तळाशी सायप्रिनस, आणि वनस्पती खायला गवत्या. एकाच तळ्यात सगळे थर वापरायचे, असे हे मिश्र मत्स्यसंवर्धन. खोदलेल्या, बंदिस्त, खाद्य घातलेल्या तळ्यात ते चांगले चालते.

शेकडो वर्षांच्या मामा तलावात मात्र त्याचा परिणाम वेगळा झाला. गवत्या बुडीत वनस्पती खातो, ते त्याचे कामच आहे. सायप्रिनस तोंड खुपसून गाळ उकरतो, मुळे सुटतात, पाणी गढुळते. त्यात काठाकाठाने बेशरम माजली. ही फुलांची झुडपेही दक्षिण अमेरिकेतलीच, जनावर त्यांना तोंड लावत नाही. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेरावर बेशरमीचे रान उभे राहिले. तळाची वनस्पती गेली, तशी मरळ, वाम, शिंगी आणि कितीतरी लहान देशी मासे कमी झाले, आणि पाणपक्षीही. संस्थेला दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते, कारण कटला-रोहूसारखे नदीचे मासे तळ्यात स्वतःची पिल्ले काढत नाहीत. देशी मासा काढतो, पण त्याला बाळंतिणीची खोली हवी, आणि ती खोली म्हणजे वनस्पती.

हे ओळखून कामाला लागलेली माणसे म्हणजे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले ढिवर जाणकार पतिराम तुमसरे. राजनकरांनी तळ्यांचा अभ्यास करता करता ढिवरांच्या ज्ञानाची नोंद करायला घेतली. तुमसऱ्यांच्या हातात ते ज्ञान होते. त्यांनी जे केले त्यात यंत्र नव्हते, रसायन नव्हते. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या भागातली बेशरम मुळासकट काढायची, तळ नांगरून मोकळा करायचा, आणि पावसाचे पहिले पाणी चढू लागले की दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेली रोपे त्या उथळ पाण्यात लावायची. पूर्ण पाण्याखाली राहणारी हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिसनेरिया, पाने तरंगणाऱ्या कुमुदिनीच्या जाती, आणि कडेला अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर अशी लव्हाळ्याच्या कुळातली. पुढे या कामात ढिवर स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या, शालू कोल्हे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बचतगटांच्या बायकांना तळ्याच्या कामाशी आणि तळ्याच्या हक्काशी जोडले. गुडघाभर पाण्यात वाकून, ओळीने, एकेक रोप गाळात खोवत जाणाऱ्या बायका पाहिल्या की धानाची रोवणीच चालली आहे असे वाटते. पीक तेवढे पाण्याखाली राहणार असते.

लागवडीनंतर देशी मासे परतले, उत्पन्न वाढले, पक्षी पुन्हा उतरू लागले. मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. ज्यांनी तळ लावला त्यांनी तळ आधी हाताने चाचपला होता. गाळ कुठे मऊ आहे, कुठे मुरमाड आहे, वाऱ्याची लाट कोणत्या काठाला आपटते, कुठे पाणी माघापर्यंत टिकते, हे त्यांना नकाशावरून कळलेले नव्हते.

पुण्याकडे असे जाणकार नव्हते असे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले कर्नल विल्यम साइक्स यांनी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी केली आणि १८३९ मध्ये इथल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्यांनी नव्याने नोंदवलेल्या जातींच्या लॅटिन नावांत शिंगटी आणि शिंघाळा आजही ऐकू येतात. ती नावे त्यांना पुस्तकात मिळालेली नाहीत, जाळे ओढणाऱ्यांच्या तोंडून मिळाली असणार. शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर लिहिले, तेव्हाही इथल्या नद्यांमध्ये लिहिण्यासारखे पुष्कळ होते. आज शहरातल्या पट्ट्यात गळाला लागतो तो बहुधा चिलापी. खाली भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर, सकाळच्या लिलावात ढीग असतो तोही त्याचाच.

पाषाणच्या तलावाकडे मी नेहमी जातो. राम नदी अडवून ब्रिटिश काळात तो बांधला गेला आणि त्याचे पाणी गणेशखिंडीत गव्हर्नरच्या निवासाला जाई, जी इमारत पुढे विद्यापीठाची झाली. पिण्यासाठी बांधलेल्या तळ्याचे पाणी नितळ असणारच, आणि नितळ उथळ पाण्याला तळाची वनस्पती येणारच. आता वरच्या वस्त्यांचे सांडपाणी राम नदीतून तलावात येते. कडेने जलपर्णी, बेशरम, पाणकणीस, मध्ये हिरवट पाणी. पक्षिनिरीक्षक तिथे दुर्बिणी घेऊन येतात, आणि ज्येष्ठ मंडळी फिरायला. बुडी मारणाऱ्या बदकांच्या जाती कमी का झाल्या यावर त्यांची चर्चा मी ऐकली आहे. ही बदके पाण्याखालच्या वनस्पतींचे कोंब, कंद आणि त्यांतले किडे खातात. जेवणाचे ताटच उचलले गेले तर पाहुणा थांबणार कसा?

तळ्यांची 'कामे' निघतात तेव्हा आराखड्यात दगडी पिचिंग असते, फिरायला वाट असते, दिवे असतात, कारंजे असते. गाळ काढायचा तो यंत्राने, एकसारखा, सगळीकडे खोल. ज्या उथळ कडेवर सर्वात आधी वनस्पती रुजते, ती कडच त्यात नाहीशी होते. मी अनेक आराखडे पाहिले, तळ कसा असावा याविषयी त्यांत एक ओळसुद्धा नसते. मला हे मनापासून लागते. काठावर उभे राहणाऱ्याचा एवढा विचार, आणि आत राहणाऱ्याचा काहीच नाही.

शेततळ्यांची गोष्ट आणखी निराळी. २०१६ मध्ये राज्याने 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, त्याआधीपासूनही दुष्काळी भागात तळी खोदली जात होती. पाणी जिरू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी तळाला प्लास्टिकचे अस्तर घालतात. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेला ते पाणी तारते, शेतकऱ्याचा नाइलाज मला समजतो. पण तळाला माती नसलेल्या पाण्यात मूळ कशात रोवणार? तिथे मासे सोडले तरी ते माणसाने टाकलेल्या खाद्यावर आणि पंपाच्या हवेवर जगतात.

माझ्या एका स्नेह्याचे पौडच्या बाजूला ओढ्यावर बांध घालून केलेले मातीचे तळे आहे. सुट्टीला मुले-नातवंडे जमतात, गळ टाकून बसतात, म्हणून त्याने त्यात कटला-रोहूबरोबर गवत्ये आणि सायप्रिनसही सोडले होते. मासा धड वाढत नव्हता, पाणी बारमाही गढूळ. कुणी चुना टाकायला सांगितले, कुणी शेणखत, कुणी हवेचा पंप. गोंदियाकडचे पाहून आल्यावर मी त्याला तळ लावण्याविषयी बोललो आणि तो तयार झाला.

आधी तळ्यातले गवत्ये काढले. त्यासाठी गावातले भोईमामा आले. आयुष्यभर मुळेत जाळे टाकलेला हा माणूस, आता नदीला मासा नाही म्हणून मजुरीला जातो. पावसाचा गढूळपणा बसल्यावर, दिवाळीनंतर, आम्ही वरच्या ओढ्यातून व्हॅलिसनेरियाची मुळासकट रोपे आणि हायड्रिलाच्या काड्या आणल्या. मुळांभोवती चिकणमातीचा गोळा दाबायचा, तो गोणपाटाच्या चिंधीत बांधायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात पायाने चाचपत मऊ गाळ सापडेल तिथे बसवायचा. ऊन तळापर्यंत पोचेल इतक्याच खोलीवर, याहून आत नाही. सायप्रिनस उकरू नये म्हणून बांबू रोवून नायलॉनच्या जाळीचे कुंपण केले. स्नेह्याला सगळ्या तळ्यातच लावायची घाई होती. मामांनी त्याला अडवले. "पार भरून टाकू नका साहेब. माशाला पळायला आन् मला जाळं टाकायला मधी जागा ऱ्हाऊ द्या. लई दाटलं तर पहाटं मासा वर येऊन तोंड वासतो, बघितलंय मी."

त्यांनी पाहिलेले अगदी खरे होते. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र तीही श्वासच घेते. तळे गच्च भरले तर सूर्योदयाच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सर्वात कमी होतो आणि मासे गुदमरतात. शाळेतल्या प्रयोगात हा अर्धा भाग नसायचा, कारण शाळा रात्री बंद असे. म्हणून कडेकडेने पट्टे लावायचे, मध्य मोकळा ठेवायचा, वाढ जास्त झाली तर हाताने उपटून बांधावर टाकायची. तिचे खत फार चांगले होते.

जाळीच्या आतले पाणी आधी निवळले. एका बाजूला ताकासारखे पाणी आणि जाळीपलीकडे तळातले खडे दिसतात, हे पाहायला शेजारचे शेतकरी येऊन गेले. पुढच्या हंगामात पानांवर शंखगोगलगाईंची अंडी, चतुरांच्या अळ्या, काचेसारखे झिंगे दिसू लागले. मरळ कुणी आणून सोडली नव्हती, ओढ्यातून तीच चढून आली असावी. मरळ वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करून अंडी घालते, ती पाण्यावर तरंगतात, आणि आईबाप दोघेही पहारा करतात. पिल्लांचा लालसर घोळका पृष्ठभागाशी उकळत असल्यागत हलत होता आणि खाली मोठ्या माशाची काळी पाठ फिरत होती. मामांनी ते पाहिले आणि त्या बाजूला गळ टाकायला मुलांना बंदी केली. स्नेह्याच्या नातवंडांनी ती बंदी मोठ्यांपेक्षा जास्त पाळली.

रोपे कुठून आणायची हा प्रश्न आता पुन्हा आला आहे, कारण उरलेल्या काठावरही लागवड करायची आहे. मत्स्यालयाच्या दुकानात पाणवनस्पती सहज मिळतात, सुंदर असतात, पण त्यांतल्या पुष्कळशा परक्या आहेत. २०२० मध्ये केरळात कोझिकोडजवळच्या आवळपांडी इथे एक आख्खा कालवा गुलाबी फुलांनी भरला, लोक लांबून फोटो काढायला आले. ती काबोम्बा, दक्षिण अमेरिकेतली, बहुधा मत्स्यालयातूनच सुटलेली. आणि जी हायड्रिला आपल्या ओढ्यात माशाचे घर आहे, तीच मत्स्यालयाच्या व्यापारातून १९५० च्या सुमारास फ्लोरिडात गेली आणि तिथल्या तळ्यांचा गळा तिने आवळला. वनस्पतीचा गुण तिच्या एकटीत नसतो, तिला खाणारे आणि आवरणारे कोण आहेत त्यावर तो ठरतो. म्हणून आणायचे ते त्याच खोऱ्यातले, शक्यतो त्याच ओढ्याच्या वरच्या अंगातले, आणि तेही मुठीने, तिथला तळ उघडा पडणार नाही इतकेच.

पाषाणला हे उद्याच करता येणार नाही. सांडपाणी येत असताना लावलेले रोप काही आठवड्यांत शैवालाखाली मरेल, आणि मग 'करून पाहिले, जमले नाही' असा शेरा कायमचा बसेल. आधी राम नदीचे मैलापाणी वळवले पाहिजे. पण तळ्याचा एखादा उथळ कोपरा, जिथे झऱ्याचे वा पावसाचे तुलनेने चांगले पाणी येते, जाळीने वेगळा करून तिथे सुरुवात करता येईल. त्यातले गवत्ये आणि सायप्रिनस काढायचे, जलपर्णी हाताने काढत राहायची, काठ दगडाने बांधायचा नाही. वनस्पती ओळखून देणारे तज्ज्ञ या शहरात आहेत, आघारकर संशोधन संस्था आहे, महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. कमतरता आहे ती पाण्यात उतरणाऱ्यांची. ते काम ठेकेदाराच्या मजुरांकडून होणार नाही. मुळशी-भोरकडच्या भोई कुटुंबांना रीतसर मेहनताना देऊन, त्या कोपऱ्याची देखभाल आणि तिथल्या माशावरचा हक्क त्यांच्याकडे सोपवावा लागेल. मामांना मी हे विचारले तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी पाणी बघायला चला. गुडघ्याएवढ्यात उभं राहून पाय दिसला, तर सांगतो."